विश्वासू बंदूकवाल्याची परीक्षा

पारख करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. डोलवीच्या स्टील कंपनीत एका ठेकेदाराकडे मी अकरा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. नट, बोल्ट, वेल्डिंग तपासायचं आणि पटलं नाही तर लाल शेरा मारायचा, हे माझं काम. सवय अशी लागलीय की घरी लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी तिचे कोपरे काटकोनात आहेत का ते बघतो. वैशाली, म्हणजे आमची ही, सगळ्यांना सांगते की तिला बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीला हात लावण्याआधी मी टेबल हलवून बघितलं होतं. टेबल खरोखर हलत होतं, हे मात्र ती सांगत नाही.

तर अशा माणसाच्या घरात रायफल आली!

घाबरू नका. एअर रायफल. छऱ्यांची, स्पर्धेत कागदावर नेम धरायची. हिला परवाना लागत नाही. माझी मुलगी अपेक्षा नववीत आहे आणि पेणला ऋत्विक सरांकडे नेमबाजी शिकते. दोन वर्षं ती क्लबच्या बंदुकीवर शिकली. आमच्या गडब गावातल्या घरात बंदूक सोडाच, उंदराचा पिंजरासुद्धा शेजारून मागून आणतात. पण पोरीचा नेम बघून सर म्हणाले, आता हिची स्वतःची हवी. मग पेणची एक मुलगी इंजिनीअरिंगला पुण्याला निघाली होती, तिची वापरलेली रायफल आम्ही घेतली.

अडचण एकच होती. अपेक्षा डावखुरी, आणि रायफल उजव्या माणसाची. गाल टेकायचा फुगवटा भलत्याच बाजूला, आणि दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, तिच्या हाताला लांब पडत होता.

"दस्ता कमी करून घ्या, गालाची बाजू बदलून घ्या आणि एकदा सगळी रायफल तपासून घ्या," सर म्हणाले. "पण माणूस विश्वासाचा बघा. चुकीच्या हातात पडली तर रायफल कामातून गेली म्हणून समजा."

स्पर्धा दोन आठवड्यांवर होती. जिल्ह्याच्या संघात मुलींच्या दोनच जागा. अपेक्षाने कपाटाच्या दारावर आतून ती तारीख खडूने लिहून ठेवली होती, आणि रोज सकाळी कपडे काढताना ती तिच्याकडे बघायची. मला हे सगळं दिसत होतं. त्यामुळे विश्वासू माणूस शोधायचं काम मी स्वतःकडे घेतलं.

"अहो, सरांनाच विचारा ना कोणाकडे न्यायची ते," वैशाली म्हणाली.

"सरांना नेम कळतो. माणूस मला कळतो," मी म्हणालो.

आता माझी युक्ती ऐका. आमच्याकडे नवीन लॅब आली की आम्ही तिला मुद्दाम एक खराब सँपल पाठवतो, आणि ते खराब आहे हे सांगत नाही. लॅबने ओळखलं तर लॅब चांगली. नाही ओळखलं तर रामराम. हीच पद्धत बंदूकवाल्यांना लावायची असं मी ठरवलं.

रविवारी घरात कोणी नव्हतं. मी रायफल उलटी केली. दस्त्याच्या खाली, नळी आणि लाकूड जोडणारा एक स्क्रू असतो. त्याच्यावरून लाकडापर्यंत मी पिवळ्या मार्करने केसाएवढी बारीक रेघ मारली. कंपनीत कसलेल्या प्रत्येक बोल्टवर आम्ही अशी रेघ मारतो. बोल्ट फिरला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. मग तो स्क्रू मी दीड आटा ढिला केला. रेघ तुटली, अर्धी स्क्रूबरोबर फिरली, अर्धी लाकडावर राहिली. काम इतकं स्वच्छ झालं होतं की दाखवायला कोणी नाही याचं मला वाईट वाटलं.

वैशालीला सांगितलं नाही. अपेक्षालाही नाही. खराब सँपलची गोष्ट बाहेर फुटली की परीक्षेत राम राहत नाही.

सोमवारी ड्यूटी सुटल्यावर मी पेणला विशालकडे गेलो. हा जत्रेत फुगे फोडायच्या बंदुका दुरुस्त करतो, असं कळलं होतं. त्याने रायफल हातात घेतली, एक डोळा मिटला, नळीतून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"सात फॉल्ट हायत."

"सात?"

"पयला फॉल्ट, नळी सरळ हाय."

"मग ती सरळच हवी ना?"

"सरळ नळी चालत नाय साहेब. येणारा जाणारा फुगा फोडील, मालक बुडंल. माझ्या हातची बंदूक कोणाला एक बक्षीस घेऊ देत नाय. नागोठण्यापासून अलिबागपर्यंत कुठंपण विचारा."

"आणि हा स्क्रू?" मी मुद्दाम खालच्या बाजूला बोट नेलं.

त्याने पिवळी रेघ कौतुकाने न्याहाळली. "फॉरेनची हाय ना? त्यांची डिझाईन अशीच असते."

मी रायफल घेऊन पायऱ्या उतरलो. विशाल नापास. स्क्रू मात्र तसाच ठेवला. पुढची परीक्षा गुरुवारी होतीच, तर मध्येच कसा आणि परत ढिला करा, हे दुहेरी काम कशाला?

इथे माझं चुकलं. मध्ये बुधवार होता, आणि बुधवारी अपेक्षाचा सराव होता.

ती संध्याकाळी घरी आली. जेवायला बसली तर भाकरीचे नुसते तुकडे करत राहिली. वैशालीने विचारलं, तेव्हा म्हणाली, "सगळे छरे इकडेतिकडे गेले. एक वर, एक कोपऱ्यात. सर म्हणाले, हात थरथरतोय तुझा."

"होतं कधीकधी," वैशाली म्हणाली.

"नाय गो आई. मला जमतच नाय. एवढी रायफल घेऊन दिलीत तुम्ही, आणि मी घाण केली." आणि ती ताटावरच रडायला लागली.

देवाशपथ सांगतो, मी बोलायला तोंड उघडलं होतं. 'अगो, तुझा हात नाही, स्क्रू आहे,' एवढंच बोलायचं होतं. पण मग कोणी ढिला केला, का केला, हे सगळं आलंच असतं. मी त्या उघड्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला. लाज वाटते सांगायला, पण मी गप्प बसलो.

गुरुवारी नागोठण्याला प्रविणदादांकडे गेलो. पोलिसातून निवृत्त झालेला माणूस, आयुष्य बंदुकांत गेलेलं. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि बंदोबस्ताच्या गोष्टी सांगायला लागले. दीड तासाने मी रायफलच्या पिशवीची चेन उघडायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"उघडायची गरज नाय." त्यांनी पिशवी कानाजवळ नेऊन दोनदा हलवली. "ओके हाय."

"दादा, बघितलीच नाहीत तुम्ही."

"बघायची कशाला? बंदूक आवाजावरनं कळते."

प्रविणदादाही नापास. आता मी कासावीस झालो. आठवडा संपत आला होता, आणि अपेक्षा घरात भिंतीकडे तोंड करून रिकामा हात लांब धरायची आणि तो थरथरतो का ते बघत बसायची.

शेवटी सरांनीच नाव दिलं. रोह्याचे दत्तात्रेय, सगळे त्यांना दत्ताकाका म्हणतात. डुकरांपासून शेत राखायला ज्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका आहेत, ते सगळे शेतकरी त्यांच्याकडेच जातात. मलाही ते पटलं. ज्या गावात ग्रामदैवत धावीर महाराजांना पोलिसांच्या बंदुकांची मानवंदना मिळते, तिथे बंदुकीतला जाणकार नाही तर कुठे असणार? फक्त दत्ताकाकांची एक अट होती. बंदूक जो खांद्याला लावतो, त्याला सोबत आणायचं.

रविवारी मी आणि अपेक्षा मोटारसायकलने रोह्याला गेलो. छोटं दुकान, भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना, आणि खाली सत्तरीचे दत्ताकाका. त्यांनी आधी नळी भिंतीकडे वळवून रायफल रिकामी आहे ना ते बघितलं. मग विचारलं, "कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. "म्हणजे, मी घेतलीय."

"बिल कोणाच्या नावावर ते नाय विचारलं." त्यांनी अपेक्षाला उभं केलं. तिच्या कोपरापासून बोटापर्यंत दोरा धरून माप घेतलं, तिला रायफल खांद्याला लावायला सांगितली, आणि तिचा गाल कुठे पडतो ते वाकून बघितलं. मग त्यांनी रायफल उलटी केली.

मी घड्याळ लावूनच बसलो होतो. सातव्या सेकंदाला त्यांचं बोट त्या स्क्रूवर थांबलं.

"ह्यो कोणी ढिला केला?"

सापडला! अकरा वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद झाला नव्हता. मी उठून त्यांचं अभिनंदन करणार, तेवढ्यात ते अपेक्षाकडे वळले.

"पोरी, तुझे छरे कुठंपण जात असतील."

"व्हय काका!"

"तुझा हात बरोबर हाय. दस्ताच हलतोय." अपेक्षाचा चेहरा इतका उजळला की विचारू नका. पण काका पुढे बोलतच होते. "आनि ह्यो आपोआप सुटलेला नाय. खूण मारून, मोजून ढिला केलाय. तुला हरवायला कोणीतरी केलंय ह्ये. घातपात हाय."

मी उठलो होतो तो तसाच खाली बसलो. खरं बोलायची एक वेळ असते. ती माझ्यासमोरून गच्च भरलेल्या एसटीसारखी न थांबता निघून गेली.

"मैना," अपेक्षा हळूच म्हणाली.

मैना म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. खाडीकाठच्या गावची, त्याच क्लबात शिकणारी, आणि त्या दोन जागांसाठी तितकीच तयारीची. मंगळवारी ती आमच्या घरी आली होती आणि रायफल हातात घेऊन बघून गेली होती. त्याआधी सरावाच्या जागेवरून दोघींची थोडी बोलाचालीही झाली होती.

"अगो थांब, मैना कशाला असं करील?" मी म्हणालो.

"मग कोण करील पप्पा?"

मला उत्तर येत होतं, पण ते तोंडातून बाहेर पडेना. तेवढ्यात तिने फोन लावलासुद्धा. "मैना, तू माझ्या रायफलचा स्क्रू ढिला केलास? इथले काका म्हणतात, घातपात आहे." पलीकडून आधी हुंदके, आणि मग फोन मैनाच्या आईने घेतला. कृष्णाबाई. या बाई मिठागरावर काम करतात, आणि खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला जेवायला बोलावतात. अपेक्षाने फोन कानापासून हातभर लांब धरला तरी दत्ताकाकांना सगळं ऐकू आलं.

"कुठं हाव तुमी? रोह्याला? तिथंच ऱ्हावा. येतंय मी."

वडखळहून मिनीडोअर रिक्षा, नागोठण्याहून एसटी. म्हणजे माझ्याकडे दोन तास होते. दत्ताकाकांनी स्क्रू कसला आणि दस्ता कापायला घेतला.

"काका," मी सुरुवात केली, "कधीकधी गाडीच्या हादऱ्याने स्क्रू आपोआप सुटतो."

"हादऱ्यानं खूण पन मारली जाते काय?"

थोड्या वेळाने अपेक्षा पाणी प्यायला बाहेर गेली. मी वाकून म्हणालो, "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"करवत हातात असताना बोलू नका," ते म्हणाले. आणि करवत काही त्यांच्या हातातून सुटेना. अपेक्षा परत येऊन कोपऱ्यात बसली. तिचे डोळे लाल होते. हात बरोबर निघाला याचा आनंद तिला धड अर्धी घटकाही मिळाला नव्हता. मैत्रीण गेली होती. आणि हे सगळं मी, तिचा बाप, एका पिवळ्या मार्करने केलं होतं.

कृष्णाबाई आल्या. मागे मैना, रडून नाक सुजलेलं.

"कोन बोलला माजे पोरीला घातपाती?"

दत्ताकाकांनी करवत खाली ठेवली. त्या क्षणी मला वाटलं, ही थोडी आधी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

"मावशी, मी नुसतं विचारलं," अपेक्षा म्हणाली.

"ईचारायचा हाय ना? मग चला धावीर महाराजांचे देवलान. जेनी जेनी या बंदुकीला हात लावलाय, त्यांनी पायरीवर हात ठेवून सांगायचा. मैना, तू पयली."

"चल," मैना म्हणाली. अपेक्षाही उठली. दत्ताकाकांनीसुद्धा हात पुसून टोपी घातली. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुशीलभाऊ, तुमी बी लावला असंल हात. चला," कृष्णाबाई म्हणाल्या.

"मी... म्हणजे, ही मोटारसायकल इथे उघड्यावर..."

"मोटारसायकल कोन खात नाय." मग त्या एकदम काकांकडे वळल्या. "कंचा स्क्रू, मना बगू दे तरी."

काकांनी रायफल उलटी करून दाखवली. कृष्णाबाईंनी वाकून बघितलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ही तं कंपनीची रेघ हाय."

"म्हंजे?" काकांनी विचारलं.

"माजा घरवाला बोल्ट कसतो डोलवीला. बोल्ट कसला का ह्यो पिवला रंग मारतान. त्याचे शर्टाचा रंग धुऊन धुऊन माजी नखां गेली. मैनाचे हातान कुठशी येल ह्यो रंग?" त्यांनी दुकानात सावकाश नजर फिरवली. "हितं कंपनीतला कोन हाय?"

उत्तर द्यायची गरज नव्हती, कारण पिवळा मार्कर माझ्या शर्टाच्या खिशाला अडकवलेला होता. सवय असते हो. आपण बाहेर पडताना पेन लावतो, तसा मी तो लावतो.

मग मी सगळं सांगितलं. लॅब, खराब सँपल, दीड आटा, विशाल, प्रविणदादा. मला वाटलं, निदान पद्धत तरी कोणाला पटेल. दत्ताकाका सात सेकंदात पास झाले, हेही मी आवर्जून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसला नाही.

अपेक्षाने एकच विचारलं. "बुधवारी मी रडत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते. ती सरळ मैनाकडे गेली, तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "चुकले गो मी." मग दोघी रडल्या. कृष्णाबाईंनी पदराने आधी माझ्या मुलीचे डोळे पुसले, मग स्वतःच्या मुलीचे. माझे पुसायला कोणी आलं नाही.

दत्ताकाकांनी उरलेलं काम शांतपणे संपवलं. दस्ता घासला, गालाचा फुगवटा बदलला, प्रत्येक स्क्रू दोनदा कसला, आणि तयार रायफल माझ्या पुढे आलेल्या हातावरून नेऊन अपेक्षाच्या हातात दिली. "चाळीस वर्षं मी बंदुका दुरुस्त करतो," ते म्हणाले. "डुकरामागं आंधळे धावणारे बघितले, स्वतःच्या गोठ्यावर बार काढणारे बघितले. पन स्वतःच्या पोरीची बंदूक बिघडवून माझ्याकडं आनणारा ह्यो पयला."

मी मान खाली घातली. पण माणसाची सवय जात नाही. निघताना मी म्हणालो, "काका, तपासणीचा लेखी रिपोर्ट मिळेल ना? स्पर्धेत दाखवायला लागतो."

त्यांनी चष्मा लावला, लिहिलं, शिक्का मारला आणि कागद घडी करून तोही अपेक्षाकडेच दिला. रायफल त्या दिवसापासून कृष्णाबाईंच्या घरी राहायला गेली.

पुढच्या रविवारी पेणला स्पर्धा होती. आठवडाभर अपेक्षा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायची. टेबलावरच्या पंचांनी कागद मागितला. तिने दिला. ते मोठ्याने वाचायला लागले.

"नळी ठीक. चाप ठीक. स्प्रिंग ठीक. दस्ता पाऊण इंच कमी केला, गालाचा फुगवटा डावखुरीप्रमाणे केला. दोष एकच, वडील. स्पर्धा होईपर्यंत बंदुकीपासून लांब ठेवावेत."

पंचांनी वर बघितलं. अपेक्षाने माझ्याकडे बोट केलं.

"साहेब, तुम्ही गेटबाहेर थांबा," ते म्हणाले. रिपोर्ट लेखी होता, खाली सही होती, शिक्का होता. माझ्यातल्या इन्स्पेक्टरला हरकत घ्यायला जागाच नव्हती.

वैशाली आत, कृष्णाबाई आत, आणि मी बाहेर उसाच्या रसवाल्यापाशी. आतून टक, टक असा छऱ्यांचा आवाज येत होता. कुठला अपेक्षाचा आणि कुठला दुसऱ्याचा, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी प्रत्येक आवाजाला हात जोडत होतो. रसवाल्याने शेवटी विचारलं, बरं वाटत नाय काय?

दुपारी त्या बाहेर आल्या. मैना पहिली, अपेक्षा दुसरी, फरक एका गुणाचा. दोघीही संघात! मी रस्त्यावरच रडलो, अगदी आवाज काढून रडलो.

अपेक्षा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रायफल तिने कृष्णाबाईंच्या खांद्यावर अडकवली. हातात पाण्याची बाटली होती, ती माझ्यापुढे धरली.

"धरा पप्पा," ती म्हणाली. आठवड्यातले पहिले दोन शब्द.

मी हात पुढे केला. पण देण्याआधी तिने बाटली मागे घेतली, माझ्याकडे बघत झाकण पुन्हा एकदा घट्ट कसलं, आणि मगच ती माझ्या हातात दिली.